रविवारचं बाकडं

देव आहे की नाही, याबद्दल मला फारशी शंका कधी आली नाही. मला शंका येते ती बांधकाम समितीबद्दल. आणि त्या वर्षी मी नेमकी एका बांधकाम समितीत होते.

हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून माझे दिवस पुस्तकं, माड आणि मांजरं यांत बरे चालले होते. कमानी, हार, लाउडस्पीकर, सत्कार यांपासून मी लांब असते. चर्चमध्येही शेवटच्या रांगेत बसते, म्हणजे प्रवचन लांबलं तर समुद्राचा आवाज ऐकू येतो. पण आमचं चर्च अलीकडे भरून वाहायला लागलं होतं. मुंबईची काही कुटुंबं घरं दुरुस्त करून परतली, तारकर्लीकडच्या हॉटेलांत आणि होड्यांवर कामाला झारखंडहून आलेली माणसं मिस्सेला येऊ लागली, आणि शेवटच्या रांगेच्या मागे आणखी तीन रांगा बाहेर आंब्याखाली उभ्या राहू लागल्या. वाढवणं भाग होतं. जुनी कौलं उतरवली, भिंती वाढवल्या, आणि मिस्सा शेजारच्या मांडवात होऊ लागली. पावसाआधी वर स्लॅब पडला नाही तर प्रभूला आणि आम्हाला एकाच छत्रीत उभं राहावं लागलं असतं.

दुसरीकडे पेजघर होतं. गावात एकेकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. मुलं मुंबईत, आखातात, बोटीवर. त्यांच्यासाठी चर्चच्या मागच्या खोलीत रोज दुपारी पेज, भाजी, कधी बांगड्याचं तिखलं शिजायचं आणि डबे घरोघर जायचे. जात, धर्म कुणी विचारत नसे. फक्त तिखट किती, एवढं विचारत. बांधकाम सुरू झालं तसे तेच हात विटांनाही लागले आणि डब्यांनाही, आणि सगळी माणसं अशी दमली की संध्याकाळची लादिन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, म्हणताना मध्येच जांभई ऐकू यायची.

तेव्हा आमच्या नव्या फादरनी नियम केला. वयाने तरुण, प्रवचन आखूड. ही दुसरी गोष्ट मी लगेच त्यांच्या खात्यावर जमा केली होती. नियम असा की रविवारी बांधकाम नाही, समितीची बैठक नाही, पेजघरातली चूलही पेटणार नाही. प्रत्येक घराने आपल्याच जेवणातला एक डबा जास्त आणायचा, म्हाताऱ्यांना रिक्षाने आणायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. "मग झोपा," ते म्हणाले. स्वतः ते हा उपदेश इतका मनापासून पाळत, की रविवारी दुपारी त्यांचं घोरणं मांडवापर्यंत पोचे.

समितीचे अध्यक्ष आग्नेल. आयुष्यभर बोटीच्या इंजिनरूममध्ये काम केलेलं, म्हणून सगळे त्यांना चीफ म्हणतात. कामाचा माणूस, पण थाटाची फार हौस. स्लॅबचा पत्ता नव्हता तेव्हाच संगमरवरी पाटी कोरून आली होती. वर क्रूस, खाली समितीची नावं, आणि अध्यक्षांचं नाव क्रूसापेक्षा थोडं लहान. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असे आणि चीफ येता-जाता रुमालाने पुसत.

स्लॅबचा दिवस चीफनी दिवाळीनंतर लगेच ठरवून टाकला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून. माघातला एक गुरुवार. बिशप येणार, फोटो निघणार. आता आमच्याकडे कुणीही सांगेल की माघ-फाल्गुनातल्या कामाची तारीख आंगणेवाडीच्या जत्रेचं कळल्याशिवाय धरू नये, आणि ती जत्रा कॅलेंडरात नसते. भराडी देवी दरवर्षी कौल देईल तो दिवस. कौल झाला, दिवस जाहीर झाला, तो तोच गुरुवार. गावात सगळ्यांना ठाऊक झालं. पण चीफनी ते धरलंच असेल असं सगळ्यांना वाटलं, आणि आम्ही ख्रिस्ती असल्यामुळे आपल्याला काय त्याचं, असं चीफना वाटलं. आमचा मिस्त्री मसुऱ्याचा, म्हणजे देवीच्याच गावचा आहे, हे त्या घडीला कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दाजी मिस्त्री आदल्या आठवड्यात हात जोडून उभा राहिला. "चीफ, माजी सगळी माणसां जत्रेक. देवीन दिलेलो दिस तो. त्या दिशी सिमेंटाक हात लागाचो नाय."

"आनी बिशपांक काय सांगू?"

"त्यांकाय घेवन येवा जत्रेक. खाजा खातले."

मग त्याने एकच वाट सांगितली. जत्रा आटपून माणसं शनिवारी परतणार. रविवारी स्लॅब घालू. सोमवारपासून त्याला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचं काम होतं, ते पावसापर्यंत. म्हणजे रविवार, नाहीतर पुढचा हिवाळा.

बैठकीत सगळे एका बाजूला आणि फादर एका बाजूला. मीही चीफच्या बाजूने हात वर केला. असं पहिल्यांदाच घडत होतं. मी म्हटलं, "फादर, एका रविवारने काय होतं? देवाचंच काम आहे."

"तेच तर, टीचर," ते म्हणाले. "देवाचं काम आहे म्हणून आपण कधी थांबतच नाही. ती माणसं दोन रात्री जत्रेत जागून येणार. आपणही मोडलोय. थांबूया." त्यांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी नाहीच म्हणाले.

घरी आले तेव्हा मी चांगलीच रागावलेली होते. भक्तीने कौलं बसत नाहीत, असं मांजराला ऐकवलं. रात्री प्रार्थनेला बसले तर शब्दच येईनात. एवढं म्हणाले, की प्रभू, तुला घर नको असेल तर तसं सांग, आम्ही सिमेंट परत करतो. चांगली प्रार्थना नव्हती, पण खरी होती.

रविवार उजाडला. मिक्सरचा आवाज नाही, हाका नाहीत. मिस्सा झाली. फादर लवकर जेवून झोपायला गेले. व्हरांड्यात सिमेंटच्या गोणी रचलेल्या, म्हणून म्हाताऱ्यांची बाकडी नव्या सेंट्रिंगखाली मांडली. वर फळ्या आणि सळ्या, खाली रांगेने लोखंडी टेकू, आणि समुद्राकडून वारा. एवढी गार सावली गावात दुसरीकडे नव्हती. चीफ एका कोपऱ्यात आपल्या पाटीकडे बघत तोंड फुगवून बसले होते.

भिंतीलगतच्या बाकड्यावर एका टोकाला कायतान अंकल, दुसऱ्या टोकाला शानूमाय. कायतान पूर्वी बेकरीत पाव भाजायचे आणि आकारानेही पावासारखेच आहेत. शानूमाय म्हणजे झाडूतला हीर. जेवण सुरू झालं आणि बाकडं हळूहळू कायतानच्या बाजूला कलू लागलं.

"कायतान, बाकडा जमनीत चल्ला रे! कमी खा मेल्या."

"मी खाली जाय नाय गो," कायतान माशाचा काटा काढत म्हणाले. "तूच वर चढतंस. सर्गाक जावची घाई झाली काय तुका?"

सगळे हसले. मी ताटं सांभाळून दोघांच्या जागा बदलल्या. शानूमाय त्या टोकाला बसली. दोन घास झाले, आणि तेच टोक तिच्याखालीही खाली गेलं. आता हशा दुप्पट झाला. "बगलंस? माजो भार न्हय तो!" कायतान टाळ्या वाजवायला लागले.

हसत नव्हते ते फक्त चीफ. ते उठून आले, वाकले, बाकड्याच्या पायाभोवतीची वाळू बोटाने उकरली. वर कोरडी वाळू, खाली चिखल. त्यांनी शेजारच्या टेकूला हात लावला. वरच्या फळ्यांना घट्ट भिडलेला असायला हवा तो टेकू त्यांच्या मुठीत गरकन फिरला. पुढचाही फिरला. भिंतीलगतची सगळी रांग नुसती लोंबत होती. पेजघराच्या भांडी घासायच्या नळासाठी टाकलेला पाइप जमिनीखाली सांध्याला गळत होता आणि नवा भराव आतून पेजेसारखा झाला होता.

चीफचा चेहरा मी अजून विसरले नाही. "टीचर," ते हळूच म्हणाले, "सगळ्यांका भायर काढा. हसत-हसतच काढा."

आम्ही ताटांसकट सगळ्यांना आंब्याखाली नेलं. शानूमायने पोळी संपेपर्यंत उठायला नकार दिला, म्हणून तिला बाकड्यासकट उचललं. फादर गालावर उशीची घडी घेऊन बाहेर आले. आता काही सुविचार ऐकावा लागेल अशी मी तयारी केली होती. त्यांनी टेकू बघितले, क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "कायतान अंकल पडले नाहीत ना?"

दाजीला फोन गेला. तो मोटारसायकलवरून आला, वाकून रांग तपासली, आणि बाहेर येऊन त्याच बाकड्यावर बसला. मी पाणी दिलं.

"आज ओतलो असतो तर कोसळतो, टीचर. वर माजी माणसां आसती. माजो धाकटो भाव आसतो." पाणी पिऊन त्याने पेला जपून खाली ठेवला. "हॉटेलवाल्याक मी सांगतंय. थांबतलो तर थांबतलो, नाय तर दुसरो मिस्त्री बघतलो. ह्यो स्लॅब घातल्याशिवाय मी खंय जावचंय नाय."

नळाचा सांधा गळत होता, हे मला कळतं. भिजलेल्या भरावात बाकड्याचे पाय रुततात, हेही कळतं. व्हरांड्यात गोणी नसत्या तर बाकडी तिथे गेली असती, आणि कौल वेगळा लागला असता तर गुरुवारीच स्लॅब घातला असता आणि तो कोसळला असता, वरच्या माणसांसकट. कोणत्या टोकाला कुणाला कुणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. एवढंच, की त्या संध्याकाळी मी पुन्हा प्रार्थनेला बसले आणि पुन्हा शब्द आले नाहीत. पण या वेळी मला ते हवेही नव्हते. मी नुसती बसून राहिले. समुद्राचा आवाज येत होता आणि कुणाचंही प्रवचन चालू नव्हतं.

पाइप बदलला, भराव ठोकून काढला, टेकूंखाली जाड फळ्या घातल्या. मग पुढच्या आठवड्यात एका सकाळी स्लॅब घातला. दाजीची माणसं, होडीवरची झारखंडची माणसं, आमच्या बायका, सगळ्यांच्या हातातून घमेली वर गेली. दाजीने पहिल्या घमेल्यावर नारळ फोडला, फादरनी तीर्थ शिंपडलं, आणि खोबरं सगळ्यांनी खाल्लं. पेजघराचे डबे त्या दिवशी थोडे उशिरा गेले, पण गेले. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

शनिवारी चीफ फादरांकडे आले. स्लॅबवर रोज पाणी मारावं लागतं. "फादर, उद्या रविवार. काय करूया?"

"गुरांना पाणी पाजता ना रविवारी?" फादर म्हणाले. "मग यालाही पाजा. आणि झोपा."

आता चर्च उभं आहे. कमान नाही. ती संगमरवरी पाटी पेजघरात ओट्यावर बसवली आहे, नावं खाली, गुळगुळीत बाजू वर; तिच्यावर भाकऱ्या उत्तम थापल्या जातात. ती चीफनी स्वतःच बसवली, आणि भाकरीचं पीठ लागलं की अजूनही रुमालाने पुसतात. थांबणं म्हणजे काम टाकून देणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटतं, आपण हात काढून घेतले तरी जग कोसळत नाही, हे आठवड्यातून एकदा बसून बघायचं असतं. कधी कधी तर हात काढून घेतल्यामुळेच ते कोसळायचं राहतं. याबद्दल देवाचे आभार मानायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत, आणि मराठी शिकवलेल्या बाईने हे लिहून द्यावं म्हणजे झालं.

बाकडं आम्ही टाकलं नाही. रविवारी ते त्याच जागी, पण आता पक्क्या फरशीवर असतं. परवा कायतान अंकलनी मला हाक मारून शेजारी बसवलं, त्या टोकाला. मी बसले. ताट मांडीवर घेतलं, आणि लक्षात आलं की मी पाय जमिनीला घट्ट रोवून बाकडं सांभाळते आहे.

"टीचर," ते म्हणाले, "सोड गो पाय. जाय नाय खंय ता."

मी पाय सोडले.