उंदीर, घुबडं आणि सहा कवड्या

मास्तरकीत वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. टाकून द्यावेत म्हटलं तरी निघत नाहीत. आमच्या वाशीमच्या शाळेतले माझ्याजवळचे निम्मे किस्से एकट्या कानडे मास्तरांचे. ते गणित शिकवत, मी ड्रॉइंग. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून त्यांना एकच वेड होतं: पेरणीआधी सांगायचं, यंदा शेतात उंदीर किती होणार!

* * *

हे गणित त्यांनी आम्हाला स्टाफरूममध्ये समजावलं. "उंदीर वाढले की त्यांना खाणारी घुबडं वाढतात. घुबडं वाढली की उंदीर घटतात. मग घुबडं उपाशी मरतात आणि उंदीर पुन्हा वाढतात."

हेडमास्तर म्हणाले, "यात नवीन ते काय? इन्स्पेक्टर आणि मास्तरांचं असंच चालतं!"

सगळे हसले. कानडे हसले नाहीत.

* * *

मोजणीसाठी ते दर शनिवारी सायकलने आसेगावला जात. तिथे चंद्रभागाबाई नावाच्या विधवेचं शेत होतं. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी त्यातली किती उकरली ते मोजायचं. एकदा मीही गेलो होतो.

बाईंनी विचारलं, "मास्तर, बिळं सापडलीच हायेत, त उंदरं मारत काहून नाई?"

"मारले तर मोजू काय?"

"मंग माह्या जवारीचं काय?"

मास्तर पुढचं बीळ बुजवायला लागले.

* * *

तिसऱ्या वर्षी गणित जुळलं. "यंदा घुबडं भरपूर, उंदीर कमी. बिनधास्त पेरा!" बाईंनी सगळ्या शेतात ज्वारी पेरली. ऐन कणसं भरताना वादळ आलं आणि बांधावरची घुबडांच्या ढोलीची चिंच आडवी झाली. घुबडं उडाली ती परत आलीच नाहीत. उंदरांनी शेत साफ केलं. त्याच वर्षी बाईंचा एकुलता एक मुलगा गुलाब फौजेत भरती झाला.

"मी झाड धरलंच नव्हतं हो," कानडे मला म्हणाले. आठ दिवस हा माणूस धड जेवला नाही.

* * *

मग त्यांनी वादळ, गारपीट, दुष्काळ, असं सगळं अवचित येणारं गणितात धरलं. कोणत्या वर्षी किती फटका बसेल हे ठरवायला सहा कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या, तेवढा फटका मोठा. शाळेच्या शिपायाने हे पाहून गावभर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात भविष्य विचारणाऱ्यांची ही रांग! कुणाचा बैल हरवलेला, कुणाची पोरगी नांदत नव्हती.

"अहो, हे फक्त उंदरांचं आहे!" मास्तर ओरडले.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "चालते जी. आमचं काई येगळं नाई."

* * *

पुढच्या दहा वर्षांचं गणित शंभर वेळा मांडलं, दर वर्षाला कवड्या फेकल्या; शंभर निरनिराळे निकाल आले. आलेख मीच काढून दिले. कुठे उंदीर माजले, कुठे जवळजवळ सगळे मेले.

"यातला खरा कोणता?" मी विचारलं.

"कोणताही," ते म्हणाले आणि कवड्या गोळा करू लागले. मला त्यांची फार कीव आली.

* * *

एके दुपारी चंद्रभागाबाई स्वतः शाळेत आल्या. गुलाब ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता आणि सहा महिने त्याचं पत्र नव्हतं.

"मास्तर, कवड्या टाका. माहा गुलाब वाचते का नाई, सांगा."

"बाई, यात किती वाचतात ते कळतं. कोण वाचतं ते कळत नाही."

"वाचते त खरं ना कोनी?"

कानड्यांनी समोरचा आलेखाचा कागद पाहिला. "वाचतात. थोडे."

"मंग त्या थोड्यात गुलाबचं नाव लिहा."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, कागदावर धरला. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही लिहा."