बाजाबाई

बाजाबाईंनी उभ्या आयुष्यात एस.टी.च्या फळीवर मावणार नाही अशी एकही वस्तू घेतली नाही. कपाट नाही, मिक्सर नाही, साधी कुंडीसुद्धा नाही. त्यांच्या क्वार्टरला लागूनच माझी क्वार्टर. मी पोलादपूरकडची. शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा हौसेने त्यांना मोगऱ्याचं रोप दिलं, तर संध्याकाळी ते माझ्याच दारात परत. "मी मे महिन्यात जाणार गो. पाणी कोण घालील त्याला?" हा 'गो' तेवढा त्यांनी आमच्याकडून उचलला होता. बाकी महाडचं काही म्हणून अंगाला लावून घेतलं नाही. मुलांची सहल हिरकणीवाडीला जायची, रोपवेने वर रायगडावर जायची, पण बाई कधी त्या बसमध्ये चढल्या नाहीत. "मी काय इथे फिरायला आलेय?" म्हणायच्या. असे किती मे महिने आले नि गेले!

त्या आल्या होत्या एका वर्षासाठी, कुणाच्या तरी रजेच्या जागी. आमची शाळा मिशनची. आवारात दगडी चॅपेल आणि चॅपेलमध्ये भिंतभर पाईप ऑर्गन. कुणा परदेशी पाद्रीबाबांनी कोण जाणे कसा इथवर आणवलेला. मुलं त्याला बाजा म्हणत, त्याच्या पाईपांना नळ म्हणत आणि वाजवणाऱ्या बाईंना बाजाबाई. तोंडावर नुसतं 'बाई'. पण त्यांना सगळं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "बरोबरच आहे पोरांचं. माझं आडनाव आता मलाच आठवावं लागतं."

पावसाळा आला की बाईंची झोप उडायची. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींनाही बुरशी. ऑर्गनचं लाकूड फुगायचं, पट्टी दाबली की वर यायचं नाव घ्यायची नाही आणि सूर अडकून बसायचा. मग बाई ऑर्गनच्या पोटात बल्ब लावून ठेवायच्या, आपण कपाटात लावतो तसा. रोज त्याचं झाकण उघडून आत हात घालून बघायच्या. बोलणं मात्र फटकळ. "मेल्याला बाळंतिणीसारखी शेक-शेगडी लागते," म्हणायच्या.

नाशिकला त्यांची धाकटी बहीण होती, एकटीच. रविवारची उपासना झाली की बाई ओट्यावर बसून तिला फोन लावायच्या, स्पीकरवर. "ताई, कधी येतेस?" "येते गं, या मे महिन्यात." ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं. पण पुढेपुढे ती बहीण एकाच फोनवर तेच चारचारदा विचारायला लागली. शेजारणीचं नाव विसरली, मग गल्लीचं. एका रविवारी बाईंनी फोन ठेवला. म्हणाल्या, "तिला मी आठवतेय तोवर मला पोचायला हवं गो."

"मग उठा आणि जा की!" मी चिडूनच म्हटलं. मला राग पटकन येतो, आणि खरं सांगते, आमच्या मुख्याध्यापकांचा जरा जास्तच येतो. बाई निवृत्त झाल्या तरी साहेबांचं एकच पालुपद. "बाई, दुसरी वाजवणारी मिळेपर्यंत राहीन असा शब्द दिलाय तुम्ही. एखादीला तयार करा आणि खुशाल जा." ऐकायला किती सोपं! मी म्हटलं, मला शिकवा. बाईंनी माझा हात हातात घेतला, बोटं निरखली, "छान लांब आहेत," म्हणाल्या आणि हात सोडून दिला. "खिशात ठेव. मलाही असंच म्हणाले होते, एक वर्ष बसा. तुझं लग्न व्हायचंय, तुला कुठे कुठे जायचंय. मी सुटावं म्हणून तुला इथे खिळवू होय?" मी भांडले, रुसले, पण बाईंनी काही मला पट्टीला हात लावू दिला नाही. स्वतःची सुटका अशी हातची घालवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग गेल्या श्रावणात ते झालं. बाई दुपारी सराव करत होत्या आणि वीज गेली. एक पट्टी फुगून खाली रुतलेली त्यांच्या लक्षात आली नाही, आणि हवा भरणारी मोटर बंद करायचीही राहिली. त्या जेवायला आल्या. आम्ही पानावर बसलो न बसलो तोच वीज आली आणि सगळ्यात जाड पाईप आपला आपण घुमायला लागला. थांबेचना! खाली स्टॉपवर दुसऱ्या पाळीचे कामगार एमआयडीसीच्या बसची वाट बघत उभे होते. त्यांना वाटलं, कंपनीचा भोंगा झाला, गॅस सुटला. रुमाल भिजवून तोंडाला बांधत माणसं वर डोंगराकडे पळाली. शाळेखालच्या वाडीतल्या बायका पोरं काखेत मारून त्यांच्यामागे. एक म्हातारी चिखलात पडली, तिचा हात मोडला. बाई उष्ट्या हातानेच चॅपेलकडे धावल्या आणि मोटर बंद केली.

संध्याकाळी वाडी शाळेत आली. मला वाटलं, आता दगड पडतात. पण म्हातारीचा मुलगा शांतपणे बोलला. "बाई, आमच्या डोक्यावर एक भोंगा हाय, तो पुरे. ह्यो दुसरा नको. उद्या खराच झाला नि लोकां म्हनली, बाजा हाय तो, तर कोन पलंल?" मुख्याध्यापक काहीतरी बोलायला गेले, तर बाईच म्हणाल्या, "त्याचं खरं आहे. बंद करा."

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. चहा निवायच्या आत ठरलं. मोटर काढायची, ऑर्गनला कुलूप घालायचं, एक कीबोर्ड आणायचा. तो काय, मुलंही वाजवतात. बाई, तुम्ही आता मोकळ्या!

नाशिकच्या गाडीत बसवायला मी गेले. मला वाटलं होतं, बाई खुशीत असतील. त्या खिडकीतून म्हणाल्या, "एका चहात बंद झाला गो. म्हणजे पहिल्या वर्षीही झाला असता." मी त्यांचा हात धरून ठेवला, गाडी हलेपर्यंत.

आठवड्याने न राहवून फोन केला. पोचलात का, पाणी मानवतंय का, असलं काहीबाही विचारून झालं. मग विचारलंच, "ओळखलं का हो त्यांनी?"

"चहा केला तिने माझ्यासाठी. साखर किती विचारली. म्हणाली, बसा तुम्ही, आमची ताई येईलच इतक्यात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बसलेय. ती दाराकडे बघते, तिच्याबरोबर मीही बघते."