सायकलची ट्यूब
परवा पंक्चरच्या दुकानात तापलेल्या रबराचा वास आला आणि मला होस्टेलची ती सकाळ आठवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकला कॉलेजच्या होस्टेलवर माझी रूममेट निफाडकडची होती. द्राक्षबागायतदाराची मुलगी, हसरी, अंगाने भरलेली. दिवाळीच्या सुट्टीत तिला बघून गेलेल्यांनी ‘मुलगी जाड आहे’ म्हणून नकार कळवला. परत आल्यावर तिचे उपास वाढले, हसणं कमी झालं. परीक्षेचं टेन्शन असेल असं मला वाटलं. एका सकाळी ती नळापाशी चक्कर येऊन पडली. श्वास मोकळा व्हावा म्हणून मी तिच्या ड्रेसचा टॉप वर केला. छातीखालपासून बेंबीपर्यंत सायकलची ट्यूब करकचून गुंडाळलेली होती आणि कडेची कातडी सोलवटून पाणी सुटलं होतं. शुद्धीवर येताच ती काय म्हणाली, तर "सोडू नको गं, आता थोडंच राहिलंय." दुपारच्या एसटीने तिची आई आली. डॉक्टरांनी बांधलेली पट्टी बघून ती म्हणाली, "त्यांनी तुला नाय म्हटलं, तर तू पण सोताला नाय म्हणलीस का?" तेव्हा कुठे ती ढसाढसा रडली आणि आईबरोबर घरी गेली. पुढच्या वर्षी परत आली, पण भातावर तूप घेताना आधी आमच्याकडे बघायची. आता माझी मुलगी आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, तेव्हा तिच्या कमरेला हात लावून बघितल्याशिवाय मला राहवत नाही.