सड्यावरची अर्धी फेरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगणार आहे तो माझाच गाढवपणा आहे, आणि मधेच कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. त्या रविवारी सड्यावर मी अशी काही माती खाल्ली, की विचारू नका!

आमचे हे बोटीवर. जाताना मोटारसायकल पडवीत लावून गेले. गाडी पडवीत धूळ खात उभी, आणि मी सोलांच्या न् सुकटीच्या टोपल्या घेऊन वेंगुर्ल्याच्या बाजाराला जायला बसच्या दारात लोंबकळायचं! का म्हणून? शिरोड्याला ओहोटीच्या वेळी ओल्या कडक वाळूवर गाडी शिकले. चार वेळा पडले. पाचव्या वेळी मला वाटतं गाडीच मला घाबरली.

पण धाकटा दीर सुधाकर! मी लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होता, आता मिशीला तेल लावतो. त्याचा डोळा गाडीवर.

"वयनी, बायलमाणसाक ही गाडी झेपाची नाय. माका दी."

"तुका दिलंय तर रोज पिक्चर बघूक जाशील मेल्या!"

शेवटी पैज ठरली. वेंगुर्ल्याच्या वरच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, कोल्हापूरचे एक मास्तर पोरांना गाडी पळवायला शिकवायचे. सुधाकरही मित्राची गाडी मागून तिथेच शिकलेला. तिथे तीन फेऱ्या पुऱ्या करायच्या. "पाय टेकलो तर चावी माजी," सुधाकर म्हणाला. नाही टेकला तर गाडी माझी, पुन्हा विषय नाही.

गेले. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला, सासऱ्यांचे बूट घातले, डोक्यावर कुणाचं तरी हेल्मेट. अंबाडा मावेना, म्हणून तो मानेवर ओढला. दिसत कशी होते ते मला सांगू नका, मला माहीत आहे.

मास्तरांनी आधी गाड्या तपासल्या. माझ्या दिव्याच्या काचेवर चिकटपट्टी लावली, पडलं तर काचा सांडू नयेत म्हणून. दोन्ही आरसे काढून घेतले.

"ओ मास्तर, मागचां कसां दिसतलां?" मी विचारलं.

"मागचं बघायचंच न्हाई मावशी. पुढं बघायचं. मागचा तुमाला सांभाळंल."

नवशिक्यांची रांग लागली. मी पहिली, मागे तीन पोरं. त्यांना मास्तरांनी बजावलं, "ह्या मावशी करतील तसंच करायचं. डोकं चालवायचं न्हाई!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिली फेरी मास्तरांच्या मागोमाग. सड्याच्या मधोमध एक देऊळ, त्याच्या भोवतीनं जांभ्याची गोल वाट. माझी नजर मास्तरांच्या पाठीवर खिळलेली. पण काय सांगू तो आनंद! खाली समुद्र चकाकतोय, वारा पदरात शिरतोय, गाडी वळणावर कलते आणि तिच्याबरोबर मीही कलते! मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून बरं.

मग मास्तर बाजूला झाले. "सोडा आता, मावशी!"

सोडली. आणि आता कुठे माझं देवळाकडे लक्ष गेलं. दारासमोर काळाभोर नंदी बसलेला. मागच्या भिंतीतून दगडी पन्हाळ बाहेर आलेली, तिच्यातून पाणी वाहतंय.

अरे देवा! शंकराचं देऊळ!

शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते की नाही? पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ते ओलांडायचं नाही, तिथून मागे फिरायचं. आणि मी एकदा ओलांडूनसुद्धा बसले होते! नवरा समुद्रावर, आणि मी इथे महादेवाचा अपमान करत गोल गोल फिरतेय?

पाण्याच्या अलीकडे ब्रेक आवळून गाडी हळू केली, एका हातानं पाण्याला नमस्कार केला, त्याच वाटेवर गर्रकन वळवली आणि निघाले उलटी!

मागच्या पोरांनी डोकं चालवलं नाही. एकानं नमस्कारसुद्धा केला. तिघंही वळली.

आणि समोरून आली जुन्या पोरांची टोळी, फुल्ल वेगात. पुढे कोण? आमचा सुधाकर!

"वयनी! खुळावलंस काय गोऽऽ!"

एवढंच म्हणाला आणि गाडीसकट करवंदीच्या जाळीत गेला. दुसरा गवतात. तिसरा थांबला तो थेट गाईच्या पोटाशी. मास्तर शिट्टी फुंकत धावत आले.

"आवं मावशी, उलट्या कुठं चाललाय?"

मी काय ऐकून घेणारी आहे? पाय न सोडता गाडी देवळाच्या भिंतीला रेलवली आणि सुरू झाले.

"देव कळत नाय तुमका? शंकराक अख्खी फेरी मारतास? म्हणानच पोरां पडतत! माज्यो ह्यो अर्ध्यो फेऱ्यो पुऱ्यो धराच्यो!"

असा तोंडाचा पट्टा सोडला, की मास्तरांनी टोपी काढून देवळाकडे हात जोडले. जाळीतून सुधाकरनेही जोडले. काटे टोचत होते तरी.

तेवढ्यात डोकं पुसत म्हातारे गुरव बाहेर आले.

"कसलो गो आरडाओरडो? शंकर खंयसून इलो हयसर? ह्यां मारुतीचां देऊळ!"

"मगे तो नंदी?"

"तो माजो बैल. बहिरो आसा, म्हणान उठाक नाय."

नंदीनं शेपटी हलवली.

"आणि ती पन्हाळ?" माझा आवाज आता अगदी बारीक.

"ती देवळामागच्या माज्या न्हाणयेची मोरी. मी आताच न्हावन इलंय."

सगळा सडा खदखदून हसला. सुधाकर जाळीतून लंगडत आला आणि हात पुढे केला. "चावी!"

"पाय खंय टेकलंय मी?" मी गरजले.

मास्तर मधे पडले. "खरं हाय. तेवढ्याशा वाटंवर पाय न टेकता गाडी फिरवली बाईनं. माझ्या जुन्या पोरांस्नी जमत न्हाई. मावशी, परत तीन मारा. पन पुऱ्या!"

मारल्या. दात ओठ खाऊन, मोरीकडे न बघता, पुऱ्या तीन. पाय टेकला तो सुधाकरच्या समोर येऊन. तो पायातला काटा काढत बसला.

गाडी माझी झाली! पुढच्या रविवारी टोपल्या बांधून ऐटीत सड्यावर गेले, तर मास्तरांनी वाटेच्या तोंडाशी नवी पाटी ठोकलेली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

"देव कोणताही असो, फेरी पूर्ण करावी."

आणि खाली खडूनं, सुधाकरच्या अक्षरात: "मोरीस नमस्कार करू नये."