मावशीच्या नावाचं पान

"आमची आक्का मेली कवाच," सदाप्पा गुळाची ढेप फोडता फोडता गिऱ्हाइकाला सांगत होते. त्यांची आक्का माझा हात धरून चार हातांवर उभी होती.

रूथमावशी आमची निपाणीतली शेजारीण. सदाप्पा तिचे धाकटे भाऊ. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्यांना वाढवलं होतं. विधवा झाल्यावर ती मिशनच्या दवाखान्यात कामाला लागली आणि पुढे तिनं बाप्तिस्मा घेतला. त्या संध्याकाळी सदाप्पांनी दारात घागर फोडली, अंघोळ केली आणि बहिणीचं सुतक धरलं. जिवंत माणूस घराला मेलं, हे सांगायची तशी रीत होती.

बाजारातून परतताना मी विचारलं, "मावशी, तुला राग नाही येत?"

"मेलेल्या माणसाला कसला राग गं?"

हे तिचं नेहमीचं. गल्लीतल्या पोरांनी अंगावर शेण टाकलं तरी लुगडं झटकत हेच म्हणायची. थोडं चालून गेल्यावर मात्र म्हणाली, "त्यानं एकदा आक्का म्हणून हाक मारावी. येशूजवळ एवढंच मागती मी."

सर्वपित्रीला सदाप्पा कौलांवर कावळ्यांसाठी पानं ठेवत. त्यात एक पान मावशीच्या नावाचं असे. आमच्या परसातून ती डोळ्यांवर हात धरून बघे. "घाऱ्या हायत बघ, भोपळ्याच्या. मला आवडतात ते अजून ध्यानात हाय त्याच्या." मग तिथंच उभी राहून त्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करी. सदाप्पांच्या बायकोचं, वहिनीचंही नाव घेई, आणि मावशीला विहिरीवरून हाकलून लावणारी वहिनीच होती.

माझी आई चिडे. "जित्या बहिणीचं श्राद्ध घालतो मेला, आणि तू त्याच्यासाठी प्रार्थना करतेस?"

"मेला त्यो न्हाय बाई, मी," मावशी हसायची.

मी बेळगावला इंग्रजी शाळेत गेले. एका सुट्टीत घरी आले तेव्हा सदाप्पा विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. मावशी रोज सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर पेजेचा तांब्या ठेवून येई. वहिनी पेज गटारात ओतून तांब्या गल्लीत फेकी. मावशी तो उचले, घासे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून नेई. एकदा तांब्या उंबऱ्यावरच मिळाला, विसळून पालथा घातलेला. मावशीनं तो मला दाखवला.

सदाप्पा बरे झाले, दुकानात बसू लागले. मावशी दिसली की पूर्वीसारखीच पाठ फिरवत.

मावशी गेली तेव्हा मी घरीच होते. मला रडू आलं नाही. मी तिचे केस विंचरले, लुगड्याचा पदर नीट केला. दुपारी शवपेटी बाजारपेठेतून निघाली. दुकानदार उठून उभे राहिले. सदाप्पा बसूनच होते, हातात गुळाचा खडा.

"सदाप्पा, तुझी आक्का न्हवं ही?" शेजारच्या दुकानदारानं विचारलं.

"आमची आक्का मेली कवाच." आवाज तोच होता. शवपेटीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मी चारचौघांत बोलत नाही. शाळेत हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंना ऐकू जात नसे. मी माणसांतून बाजूला झाले आणि दुकानाच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिले.

"मामा," मी म्हणाले, "तुमची आक्का आज सकाळी गेली."