रबरी नळी

भोजराज मिस्त्री पहाटे साडेचारला उठला. पेट्रोलचं काम ऊन चढायच्या आत उरकायचं, हा त्याचा नेम. फुलचूरहून सायकल हाणत तो कामठ्याला भैय्यालालच्या अंगणात पोचला तेव्हा नुकतं उजाडत होतं.

भैय्यालालचा बाप गेल्यापासून चार वर्षं त्याची मोटार तशीच उभी होती. उद्या तिच्यातून भैय्यालालची आई देवकाबाई नागपूरला जायची होती, डोळ्याच्या ऑपरेशनला.

आदल्या दिवशी भोजराजनं टाकी उतरवली होती. आतलं पेट्रोल आंबून वार्निशसारखं झालेलं. ते कॅनमध्ये भरून त्यानं लांब मोहाखाली ठेवलं. टाकी तीनदा खंगाळली. कार्बोरेटरची भोकं हवेनं साफ केली. तार घातली नाही, तारेनं भोक मोठं होतं.

"काऊन मिस्त्री, गाडी दुरुस्त करून राहिला का तिले आंघोळ घालून राहिला?" भैय्यालाल हसला होता.

"गाळ इंजिनात गेला तं रस्त्यात बसाल. अना ह्या पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला. वाकवल्या का चिरा दिसतात."

"चार वर्षं काई झालं नाई तिले. राहू दे."

भोजराजनं राहू दिलं. तिथंच तो चुकला.

आज टाकी चढवली, ताजं पेट्रोल ओतलं. भैय्यालालनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं, धरलं नाही. पुन्हा फिरवली. बोनेटखालून वास आला. भोजराज वाकला. पंपावरच्या नळीतून थेंब गळत होता. खाली माती काळी पडत चालली होती.

"चावी सोडा!"

तेवढ्यात पायरीवरून देवकाबाई उतरली. हातात ताट, ताटात पेटता दिवा. बंद गाडी सुरू होते तर ओवाळायला नको? डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. पायानं जमीन चाचपत ती थेट बोनेटकडे येत होती.

"बाई, थांबा!"

"आलीच गा. मुहूर्त टळून राहिला."

भोजराजचे हात पेट्रोलनं भिजलेले. त्या हातांनी दिवा विझवता येत नाही. बाजूला त्यानं ओलं पोतं ठेवलं होतं, कामाच्या जागी कायम ठेवायचा. ते त्यानं ताटावर फेकलं. कुंकू, तांदूळ सगळं मातीत.

भैय्यालाल पांढराफटक पडला. दिवा विझला म्हणून. "माह्या मायच्या हातचा दिवा विझवला तू! उद्या तिचं ऑपरेशन आहे! घे तुही मजुरी, अना निघ."

भोजराजनं मजुरी घेतली. नळी कापून खिशात घातली.

"नळी कायले नेऊन राहिला?"

"गाडी हलू नये म्हणून."

दुपारी तो गोंदियाहून नव्या नळ्या घेऊन परत आला. बॅटरीची तार काढली, सगळ्या नळ्या बदलल्या, खाली कोरडी माती पसरून तिच्यावर कागद ठेवला. तार जोडून, देवकाबाईनं दिलेल्या चावीनं इंजिन सुरू केलं, अर्धा तास चालू ठेवलं. खालचा कागद कोराच राहिला.

देवकाबाई पायरीवर बसली होती. "आता लावू का दिवा?"

"नागपूरहून या. मंग लावा."

दोन दिवसांच्या मजुरीतून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या आणि सहा क्लिपा आल्या. भोजराज रिकाम्या खिशानं फुलचूरला निघाला.