ड्रजरीपाशी अडलेला रविवार

शनिवार-रविवार लोणावळ्यात राहणं मला जमत नाही. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्या सकाळपासून घरासमोर तुंबतात आणि हॉर्न ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून काम पिशवीत कोंबून मी कान्ह्याला धाकट्या भावाकडे पळते. इंग्रजी-मराठी शब्दकोशासाठी प्रतिशब्द शोधायचे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्या रविवारी नेमके कष्टाचेच शब्द वाट्याला आले होते.

एरवी एकदा बसले की मी जागची हलत नाही, पण त्या दिवशी बसवेना. दोन ओळी लिहायच्या की ओसरीवर फेऱ्या सुरू. कारण भावजयीने सकाळीच गळ घातली होती. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळत होतं, उद्यापासूनच ये म्हणाले होते. भावाला अजून पत्ता नव्हता.

"आक्का, तुमी विषय काढा. तुमचं आयकत्यात ते."

ऐकतो कुठला! पण मी हो म्हणून बसले होते, आणि आता दुपारच्या जेवणाची धास्ती घेऊन फिरत होते.

शब्दही काही धड वागत नव्हते. 'लेबर' सरळ वाटतो, पण तो श्रमही, मजूरही आणि बाळंतपणाच्या कळाही. 'टॉइल'चा जुना अर्थ म्हणे झगडा. 'ट्रॅव्हल', म्हणजे आपला साधा प्रवास, हा कष्टाच्या एका जुन्या शब्दाचा सख्खा भाऊ, आणि दोघांचं मूळ छळ करण्याच्या हत्यारात. सुट्टीच्या दिवशी घाटात अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'स्लॉग' म्हणजे क्रिकेटमधला आडवातिडवा टोलाही आणि नेटाने रेटलेलं कामही. 'ग्राइंड' म्हणजे तेच ते रोज दळत बसणं.

गाडी अडली ती 'ड्रजरी'पाशी. कंटाळवाणं, हलकं समजलेलं आणि न संपणारं काम. 'हमाली' लिहिलं आणि खोडलं, कारण हमालाला निदान मजुरी मिळते. 'ढोरमेहनत' म्हणावं तर त्यात ताकद दिसते. 'काबाडकष्ट' बरा वाटला, पण तो आपण कौतुकानेच वापरतो, आईने काबाडकष्ट करून शिकवलं म्हणून. ड्रजरीचं कोणी कौतुक करत नाही. मी चिडून पेन आपटलं.

तेवढ्यात भावजय माझ्यापुढे चहा ठेवून गेली. गोठा झाडून झाला होता, धुणं वाळत होतं, चुलीवर कालवण रटरटत होतं. तिने माझ्या पायाखालची जागासुद्धा पुसून घेतली आणि मी पाय वर घेतले. पाय वर घेताना मला फार ओशाळवाणं वाटलं.

जेवताना मी विषय काढला. भावाने घास तसाच धरून ठेवला.

"कशाला?" तो म्हणाला. "मी कमावतोय ना? आक्का, हिला घरात काय तरास हाय का इचार. आरामात ऱ्हाती. तितं दिवसभर उभं ऱ्हाऊन डबं भरायचं, आन् लोकांची बोलणी खायची. बायकूला राबायला लावलं म्हंत्याल गावात."

तो वाईट माणूस नाही. तळेगावच्या कंपनीत शिफ्ट करून तो स्वतः पिचतो, आणि बायकोला रोजगारावर जावं लागत नाही याचा त्याला खरा अभिमान आहे. म्हणून तर त्याच्याशी भांडायला शब्द सापडत नव्हते. सकाळपासून कष्टाचे शब्द चिवडत बसलेली मी, ऐन वेळी भाकरी चिवडत बसले.

भाकरी वाढता वाढता भावजयच बोलली. "राबायचं दोन्हीकडं हाय. पर तितं पाचला शटर पडतं. मंग कुणी उठ म्हनत न्हाई. हितं शटर कवा पडतं, तेवढं सांगा. मंग न्हाई जात मी."

भावाने घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "जा. चार दिस जाऊन बघ."

मला इतका आनंद झाला की मी सोमवारीही तिथेच राहिले. सकाळी तिला स्टेशनपर्यंत पोचवलं. दिवसभर कागद पुढ्यात होते, लक्ष मात्र गेटकडे. भावाची शिफ्ट लवकर सुटली होती. तो घरी येऊन खाटेवर मोबाईल बघत पडला होता. संध्याकाळी ती आली. केसांना गुळाचा वास, पाय सुजलेले, पण चेहरा असा उजळलेला की मी बघतच राहिले. तिने पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि सरळ मोरीवर गेली. सकाळपासूनची भांडी तिथे तशीच होती.

"अगं, बस की जरा," मी म्हणाले.

"बसून कसं भागंल? शटर तितलं पडलं, आक्का."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाटेपाशी गेले, भावाच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि म्हणाले, "ऊठ. भांडी घास."

तो खो खो हसला. आक्काने काय फिरकी घेतली, अशा नजरेने त्याने मोरीकडे बघितलं. तिकडे राखेने बरबटलेले हात तसेच धरून भावजयही हसत होती, अगदी मनापासून.